जुना पार्ट मालकाच्या हातात

वाडी, जवळा बाजार
१२ नोव्हेंबर

खाजा,

सलाम. तुझी खुशाली कळव. आमची कशी आहे ते खाली वाचशीलच.

फोन सोडून पत्र काहून लिहून राहिलो, हा तुझा पहिला सवाल असणार. फोन आमच्या पोराने, प्रभूने घेऊन दिलेला आहे. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याच फोनवर बोलणं म्हणजे चोराच्या खांद्यावर बसून चोर शोधणं. शिवाय मी फोन कानाला लावला की त्याच्या आईला, सिंधूला, नेमकं तेव्हाच माझ्या उशाचं सूप लागतं. म्हणून हे पत्र. संतराम दर दोन-तीन दिवसांनी इथल्या बकऱ्या टेम्पोत घालून बाळापूरला नेतो, तो तुझ्या दुकानात टाकील. पाकीट कणकेने चिकटवलं आहे. उघडलेलं दिसलं तर संतरामच्या तोंडाकडे नीट बघ.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात प्रभू माझी मोटरसायकल सर्व्हिसिंगला तुझ्याकडे घेऊन आला. परत आली ती गाडी माझीच आहे, नंबर माझाच आहे, पण स्वभाव माझ्या गाडीचा नाही.

ती ताठ उभी राहते. पूर्वी साइड स्टँडवर लावली की डावीकडे कलायची, पानटपरीला टेकलेल्या माणसासारखी. आता झेंडावंदनाला उभी असल्यागत सावधान. शेळीने अंग घासलं तर उजवीकडे जाईल असं वाटतं. दिवेलागणीला घरी येताना हेडलाइटचा उजेड रस्त्यावर पडत नाही, शेजारच्या वसरामच्या माडीवर पडतो. काल पारावर वसराम सगळ्यांदेखत म्हणाला, "मुंजाजी, रोज आमच्या माडीत काय हुडकून राहिला?" लोक हसले. मीही हसलो, पण ते हसणं दातांपुरतंच होतं.

मागचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये पूर्वी माझी अख्खी मूठ जायची. आता बोटं आडवी घातली तरी अडकतात. आणि सगळ्यात वाईट सांगू? सीटवर बसलो की माझे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. टाचेसकट. पूर्वी चवडा टेकायचा. या वयात माझी उंची वाढलेली नाही, म्हणजे गाडीच घटली आहे. (माझ्या कंबरेबद्दल कुणी काही सांगितलं तर ऐकू नको. उसण भरली होती, गेली.)

तुझ्या दुकानाचा एकच कायदा आहे आणि तो सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे: जुना पार्ट मालकाच्या हातात. जे बदलशील ते पेपरात गुंडाळून परत देणार, म्हणजे मालकाला कळावं की खरंच बदललं. एकदा तू मला तुटलेली क्लचची तार दिली होतीस, ती मी अस्थी आणल्यासारखी घरी आणली. लोक हसतात, पण त्याच कायद्यापायी आम्ही वाटेतली सगळी दुकानं सोडून बाळापूरला येतो. या वेळी प्रभू मोकळ्या हाताने आला. विचारलं तर म्हणतो, "काहीच बदललं न्हाई, बापू." बदललं नाही तर गाडी बुटकी काहून झाली? आणि बदललं असेल तर जुनं कुठंय?

माझे मागचे शॉकअप कुठायत, खाजा? एका बाकावर शिकलो म्हणून 'चोरी' हा शब्द अजून लिहिलेला नाही. पेनात शाई आहे.

मुंजाजी


आखाडा बाळापूर
१५ नोव्हेंबर

मुंजाजी,

सलाम. पाकीट उघडलेलं नव्हतं, खाल्लेलं होतं. टेम्पोतल्या एका बकरीला तुझी कणीक आवडली. एका कोपऱ्यातला एक शब्द तिच्या पोटात गेला. तो शिवी असणार असं धरून मी पुढे वाचलं. पुढच्या वेळी डिंक लाव.

गाडीचं म्हणशील तर वय झालं यार. शॉकअप म्हणजे काय, स्प्रिंगच घातलेली असते. ती वर्षानुवर्षं माणसं झेलते, खड्डे झेलते, बकऱ्या झेलते, आणि एक दिवस बसते. यात संशय घेण्यासारखं काय आहे?

हेडलाइटच्या खाली एक स्क्रू आहे. समोर भिंत ठेव, प्रभूला सीटवर बसव आणि उजेड खाली येईपर्यंत स्क्रू फिरव. रिकाम्या गाडीवर फिरवलास तर माणूस बसताच परत वसरामच्या माडीत जाशील. साइड स्टँड आता गाडीला लांब पडतं. मऊ जमिनीवर किंवा उतारावर त्याच्या भरवशावर लावू नकोस, मधल्या स्टँडवर लाव. गाडी इकडे घेऊन ये, बोटभर कापून वेल्डिंग करून देतो. तेवढं राहिलं होतं.

जुन्या पार्टचं म्हणशील तर दुकानात गर्दी होती. भंगारात गेलं असेल.

एक अर्ज आहे. मी हात लावेपर्यंत दुसऱ्या कुणाला मागच्या स्प्रिंगला हात लावू देऊ नको. कुणी म्हणेल कापून देतो, कुणी म्हणेल वाढवून देतो. दोन्ही नको.

घरातून खतीजाबी विचारते, तुरीच्या शेंगा भरल्या का?

तुझा
खाजा


वाडी
१९ नोव्हेंबर

खाजा,

शेंगा भरल्या आहेत, पिशवी संतरामकडे दिली आहे. बकरीपासून वाचली तर मिळेल.

तुझं पत्र मी उलटंसुलटं वाचलं. "तेवढं राहिलं होतं." कशातलं राहिलं होतं? ज्याने काही केलंच नाही त्याचं काही राहतं कसं? आणि भंगार म्हणतोस. गिऱ्हाइकाचा गंजका नट परत द्यायला सुटलेल्या एसटीमागे पळालेला माणूस तू. तू भंगारात टाकलंस हे मी ऐकलं, पण माझ्या कानांनी ते आत घेतलं नाही.

तेव्हा मी शोध चालू केला. पहिला संशय प्रभूवर. आजकालच्या पोरांना गाडी खाली करायची फॅशन आहे म्हणे. पण आमचं पोरगं पडलं ताडमाड. आता गाडीवर बसतं तेव्हा गुडघे हँडलच्या वर येतात, नाकतोडा पेट्रोल पिऊन चालल्यासारखा दिसतो. म्हणजे त्याने स्वतःसाठी केलेलं नाही. मग कुणासाठी? बुटक्या माणसासाठी. प्रभूच्या मागे कोण बुटकं आहे? आणि बघ, उजेड कुणाच्या माडीवर पडतो? वसरामच्या. आणि वसरामची पोरगी रीता, कॉलेजात जाते ती, केवढी आहे? एवढीशी. म्हणजे माझ्या गाडीच्या दिव्याने इशारे चालले आहेत आणि दिवा घेऊन मीच रोज फिरून राहिलो.

मी रीतावर नजर ठेवली. येताजाता, विहिरीवर, एसटीच्या थांब्यावर. शेवटी तीच जवळ आली आणि म्हणाली, "मुंजाकाका, डोळ्याला तकलीफ हाये का? आमच्या कॉलेजात फुकट तपासणी हाये."

हे सिंधूला सांगितलं. ती कापूस वेचत होती. एवढी हसली की ओटीतला कापूस सांडला. आता तूच विचार कर. जी बाई सून आणायला उतावीळ झाली आहे, ती अशी बातमी ऐकून हसेल का? चौकशी करील. हसली, म्हणजे तिला खरं काही वेगळंच ठाऊक आहे.

परवा गाडी पडली. उजवीकडेच. शेळ्यांच्या पाण्याच्या कुंडीवर. आरसा गेला, एक करडू थोडक्यात वाचलं. जवळ्याला नवं दुकान झालं आहे, पाटीवर 'स्पेशालिस्ट' लिहिलंय, कशाचा ते लिहिलेलं नाही. तो म्हणतो, शॉकअपच्या खाली लोखंडी तुकडे जोडतो, गाडी पहिल्यापेक्षा उंच करून देतो. विचार करून राहिलो.

मुंजाजी


वाडी
२१ नोव्हेंबर

खाजाभाऊंना सिंधूबाईचा नमस्कार.

मी पत्र लिहिणारी बाई न्हाई. हे संतरामच्या हातात देऊन राहिले, डिंक लावून. भाऊ, तुमी त्यांना "राहिलं होतं" असं काहून लिहिलं? ते वाक्य ते आता शेळ्यांना वाचून दाखवतात.

तुमाला फोनवर अर्धंच सांगितलं होतं, प्रभू जवळ उभा होता. आज पुरं सांगते. श्रावणात जवळ्याच्या बाजारात बकऱ्यांच्या रांगेसमोर यांनी गाडी थांबवली, पाय टेकवायला गेले, पायाने धरलंच न्हाई. गाडीसकट आडवे. चार माणसांनी उचललं. घरी येऊन म्हणाले, बैलाने ढुशी दिली. मी म्हणलं, बकऱ्यांच्या रांगेत बैल? तर म्हणे, चुकून आला होता. डॉक्टर म्हणाले, खुब्याचा सांधा झिजला, उंच गाडीवर टांग टाकू नका. तर यांनी डॉक्टर बदलला.

गाडी सोडा म्हणलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, भाऊ. त्याचंच भेव वाटलं. आधी गाडी सोडली असती, मग बाजार, मग माणसं, आणि मग ओसरीवर बसून दिवसभर माझ्या भाजीत मीठ हुडकलं असतं. म्हणून प्रभूला तुमच्याकडं पाठवलं की गाडी अशी करा की यांचे पाय टेकतील पण यांना कळणार न्हाई.

तुमी म्हणाले, जुना पार्ट मालकाच्या हातात. मी म्हणलं, मालकाच्या हातात दिला की मालकाला कळतं. तुमच्या जिवावर आलं ते मला फोनातून कळलं. तरी तुमी प्रभूसंगं माझ्याकडं पाठवला. ते दोन्ही सोयाबीनच्या बियाण्याच्या कोठीत हायेत. पेरणीपर्यंत तिथं कुणी हात घालत न्हाई, पण हे आता सारं घर झाडून राहिले.

ते तुकडे बसवू देऊ नका. आणि खरं पण सांगू नका. लाज झाकायसाठी त्यांनी बैल आणला. तो बैल राहू द्या.

सिंधूबाई


आखाडा बाळापूर
२३ नोव्हेंबर

मुंजाजी,

रीताच्या मागे फिरणं बंद कर, वसराम काठी घेऊन येईल.

खरं सांगतो. चूक माझी आहे. दुकानात दोन गाड्या एकदम खोलल्या होत्या, छोट्या गाडीचे शॉकअप तुझ्या गाडीला लागले. लाज वाटली म्हणून भंगाराचं बोललो. प्रभूचा दोष नाही, वहिनींचा नाही, कुणाचाच नाही. गाडी घेऊन ये, माझ्यासमोर बस, जे बराबर वाटेल ते करू. पण तो तुकडा बसवू नको. दोस्ती मानत असशील तर नको.

खाजा


वाडी
२६ नोव्हेंबर

खाजा मिया यांना,

आता 'तुमी'च म्हणतो. दोस्ताला 'तू' म्हणतात.

तुमी चूक कबूल केली, तिथंच सापडला. आजवर तुमी एकही चूक कबूल केलेली मला आठवत नाही. दुकान गळलं तेव्हा तुमी पावसाला बोल लावला होता. एकदा ब्रेकचा लायनर उलटा बसवला, तेव्हा रस्ता उलटा असल्याचं सांगितलं होतं. असा माणूस पत्रात सहजासहजी "चूक माझी" लिहितो, म्हणजे तो कुणाला तरी पाठीशी घालून राहिला.

आणि ते कोण हे मला काल कळलं. बियाण्याची कोठी. हात घातला तर सोयाबीन लागलं, अजून खाली घातला तर लुगडं लागलं, लुगडं सोडलं तर माझे शॉकअप. दोन्ही. तेल लावून, पुसून, बाळंतिणीच्या लेकरासारखे गुंडाळलेले. माझे शॉकअप माझ्याच घरात, माझ्याच बियाण्यात, माझ्याच बायकोच्या लुगड्यात. परत होते तसे ठेवले. चोराने दुसऱ्या चोराला बघितल्यासारखं आता घरात सगळे एकमेकांना बघून राहिलो.

तेव्हा डाव असा आहे. गाडी हळूहळू खाली आणायची. आज बोटभर, उद्या अजून. ती ताठ उभी राहील, पडेल, उजेड भलतीकडे पाडेल, आणि म्हातारा कंटाळून म्हणेल, घ्या बाबा तुमची गाडी. तुमा तिघांना मला उतरवायचं आहे. गाडी सुटली की बाजार सुटला. मग माझी बकरी कोण विकणार, भाव कोण करणार, रस्त्यात कोण रामराम घालणार? ओसरीवरच्या रिकाम्या पोत्याला रामराम घालत नाहीत, मिया.

परवा मी जवळ्याच्या स्पेशालिस्टकडे जाऊन राहिलो. गाडी पहिल्यापेक्षा उंच करणार. सगळ्या वाडीला दिसेल असा बसणार.

उत्तर पाठवायची तकलीफ घेऊ नका.

मुंजाजी


आखाडा बाळापूर
२८ नोव्हेंबर, सकाळ

मुंजाजी,

संतरामच्या टेम्पोची वाट बघत बसलो तर उशीर होईल. म्हणून हे पत्र माझ्या थोरल्याच्या, वासिफच्या हाती देऊन त्याला पहिल्या एसटीत बसवलं. जिथे असशील तिथे थांबून वाच.

तू उलटं वाचलंस. तुला उतरवायचं नव्हतं. तुला गाडीवर ठेवायचं होतं.

वहिनींना शब्द दिला होता, तो मोडतो. तो बैल नव्हता, तुझा खुबा होता. आम्हाला माहीत आहे. पाय पुरता टेकला तर तू पडणार नाहीस, आणि पडला नाहीस तर तुला कुणी गाडी सोडायला सांगणार नाही. एवढाच आमचा डाव.

आणि मी ते काम कसं केलं तेही ऐक. स्प्रिंग कापली नाही. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात बुडाला लागते आणि चाक मडगार्डला धरतं. कमी उंचीची, तेवढाच भार घेणारी नवी जोडी आणली, दोन्ही बाजूंना सारखी. नुसतं मागून बसवलं तर गाडीचं नाक वर जातं आणि वळणावर हँडल ऐकत नाही, म्हणून पुढचे पाइपही वर सरकवून तेवढंच खाली घेतलं. त्यासाठी हेडलाइट सोडवला होता, तो परत बसवताना तोंड वर करून राहिला. चेन माणूस बसवून ताणली. मग मडगार्डच्या आतून खडू फासला, प्रभू आणि वासिफला बसवलं, मध्ये सोयाबीनचं पोतं घातलं आणि गतिरोधकावरून गाडी नेली. खडू पुसला गेला नाही, तेव्हा गाडी सोडली. स्टँड तेवढं कापलं नाही. कापलं तर वेल्डिंगचा डाग दिसतो आणि तू डाग हुडकणारा माणूस. तुझ्या नजरेला भिऊन मी ते ठेवलं, आणि त्यापायी गाडी करडावर पडली असती. चूक माझी, हे वाक्य तिथे खरं आहे.

आता तो तुकडा. तो जोडला की सगळा भार एका बोल्टवर येतो. मागून गाडी उंटासारखी, पुढून मी केली तेवढीच बुटकी. ब्रेक दाबलास की तोंडावर. हे सगळं सोड. तू चालवशील रे, चालवायला कधीच अडचण नव्हती. तू थांबणार कसा?

अजून एक. तुला सगळं दिसतं ना? माझी गाडी दोन वर्षांपासून बुटकी आहे. आयुष्य उकिडवं बसून गेलं, गुडघे राहिले नाहीत. उन्हाळ्यात तू माझ्या मागे बसून कळमनुरीपर्यंत आलास. गाडीवर चढताना मी कण्हलो, तर तू म्हणालास, तंबाखू कमी कर.

खाजा


आखाडा बाळापूर
२ डिसेंबर

मुंजाजी,

वासिफ त्याच संध्याकाळी परत आला. पत्र दिलं का विचारलं तर म्हणतो, "दिलं, पण चाचा थांबले न्हाईत." पुढे विचारलं की तोंडात रुमाल कोंबतो. म्हणे तू कसम घातली आहेस. खतीजाबीने त्याला जेवण बंद करायची धमकी दिली, तरी पोरगं बोलेना.

तू बरा आहेस ना? तेवढं एक लिही. बाकी शिव्या लिही.

खाजा


वाडी
१७ डिसेंबर

खाजा,

पाकीट उघडं आहे म्हणून संतरामवर जाऊ नको. मीच उघडं ठेवलं. सगळ्या वाडीने ऐकलेलं एका संतरामपासून काय झाकू?

स्पेशालिस्टने तुकडे बसवले. दुकानाच्या ओट्यावरून टांग टाकली, दोघांनी गाडी धरली, एकाने ढकलली. खाजा, पहिला अर्धा तास मी राजा होतो. तुरीच्या शेतांवरून नजर जात होती. समोरून येणाऱ्या जीपवाल्याने वर बघून मला रामराम घातला.

वाडीत शिरलो, दारासमोर आलो, गाडी हळू केली, पाय खाली सोडला. आणि खाली काही नाही. जमीन होती, पण माझ्या पायाच्या वाटणीला आली नव्हती. गाडी कलायला लागली तसा मी घाबरून ॲक्सिलेटर पिळला आणि पुढे निघून गेलो. म्हटलं, एक चक्कर मारून येऊ, तोवर काही सुचेल. पार, शाळा, वसरामचं घर, परत आमचं दार. सिंधू दारात पिठाचे हात घेऊन उभी. म्हणाली, "या की आत." मी म्हणालो, "आलोच!" आणि परत गेलो. पुढच्या चकरेला म्हणाली, "कुठं चालले?" आता काय सांगू? चालवायचं भेव नसतं, खाजा. थांबायचं असतं.

पारावरच्या लोकांना वाटलं मी उंच गाडी मिरवून राहिलो. वसरामने सलाम ठोकला. तेवढ्यात शाळेच्या वळणावर तुझा वासिफ, हातात पाकीट. "चाचा, अब्बाका खत है!" मी ओरडलो, "वाच!" तो म्हणतो, "रुकके पढो बोले अब्बा!" मी तोवर वसरामच्या घरापाशी. पुढच्या चकरेला म्हणालो, "फोड आन् वाच!" पोरगं आज्ञाधारक. त्याने फोडलं आणि पारासमोर उभं राहून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि मला चकरेगणिक एकेक वाक्य मिळत गेलं. एका चकरेला मिळालं, "तुला गाडीवर ठेवायचं होतं." पुढच्या चकरेला, "तो बैल नव्हता." मधलं मला ऐकू आलं नाही, पण पारावर सगळ्यांना आलं, कारण त्या चकरेनंतर तिथलं हसणं बंद झालं. आणि मग, "तू थांबणार कसा?" मी ओरडून सांगितलं, "तेच विचारून राहिलो!"

प्रभू शेतातून धावत आला. गाडीच्या बाजूने पळायला लागला. एक हात हँडलला, एक माझ्या कंबरेभोवती. म्हणाला, "सोडा बापू. धरलंय." मी पिळलेला हात सोडला. गाडीसकट मी त्याच्या छातीवर टेकलो आणि त्याने दोघांनाही पडू दिलं नाही. त्या पोराची उंची मी आजवर शिव्या द्यायलाच वापरली होती.

वसराम काठी टेकत आला. मला वाटलं आता टोमणा येणार. तर म्हणतो, "मुंजाजी, माझ्या माडीच्या पायऱ्या मला वर्षभरात चढवल्या न्हाईत. कुणाला सांगू नको." मग त्याने मान वळवून पाराकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांनी ऐकलं.

वासिफला कसम घातली ती त्यातून थोडं तरी माझं माझ्याकडे राहावं म्हणून. इतके दिवस लिहिलं नाही कारण काय लिहावं कळत नव्हतं. माझा अख्खा जन्म कोण काय हिसकावून घेतं हे बघण्यात गेला. कुणी गुपचूप काही देऊन ठेवेल, याची तपासणी कशी करतात हे ठाऊक नव्हतं. सिंधूला विचारलं, मला सांगितलं का नाही? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी डॉक्टरासारखी गाडीबी बदलली असती."

प्रभूने ते तुकडे काढले. तुझी जोडी परत आहे तशी आहे. उजेड तू सांगितलास तसा, त्याला सीटवर बसवून खाली घेतला. रीताने माडीवरून ओरडून सांगितलं की आता बराबर आहे. स्टँड कापायचं राहिलं आहे. डाग दिसला तर दिसू दे.

तुझा कायदा तू माझ्यापायी मोडलास. तो मी पुरा केला. काल कोठीतून दोन्ही शॉकअप काढले, लुगड्यातून सोडवले आणि प्रभूच्या हातात दिले. तो म्हणाला, "माझ्या हातात काहून, बापू?"

मी म्हणालो, "जुना पार्ट मालकाच्या हातात."

त्याला कळायला वेळ लागला. उंच माणसाला सगळं उशिरा पोचतं. कळलं तेव्हा ते दोन्ही घेऊन तो शेळ्यांच्या गोठ्याकडे गेला आणि बराच वेळ परत आला नाही. मग सिंधूने बघितलं, त्याने त्यांना परत तेल लावून ठेवलं होतं. त्याच्या मापाची गाडी त्याला माझ्यानंतर करायची आहे, त्याला घाई नाही असं दिसतं. मलाही नाही.

येत्या बाजारानंतर तुझ्याकडे येतो. तुझी गाडी दुकानासमोर लावून ठेव, शेजारी माझी लावीन. धरायला कुणाला उभं करू नको. दोन्ही पाय टेकवून थांबणार आहे.

तुझा
मुंजाजी